वेगळा ढीग

शिंदखेडा तालुक्यात मी शाश्वत कापसाच्या 'बेटर कॉटन' कार्यक्रमासाठी कपाशीवाल्यांसोबत काम करायचो. २०१७च्या गुलाबी बोंडअळीनंतर कामगंध सापळे, निंबोळी अर्क कुणाला पटवून द्यावे लागत नव्हते. कसोटी लागायची ती दिवाळीच्या सुमारास, वेचणीला.

या कार्यक्रमातला कापूस शेतापासून जिनिंगपर्यंत वेगळाच राहायला हवा. पुढे सूतगिरणीत तो इतर रुईत मिसळला तरी बरीच वर्षं वजनाचा हिशेब जुळला की पुरे व्हायचं. गाठींचा प्रत्यक्ष माग ठेवायची सोय २०२३च्या अखेरीस आली. म्हणजे ढीग वेगळा राखायचं ओझं शेतकऱ्यावर, आणि पैशांची निकड सर्वांत जास्त त्यालाच.

एका बापूंनी ओट्यावर बसल्या बसल्या विचारलं, "भो, हाऊ कापूस येगळा ठेईसन माले काय भेटी?" दारात खेडा खरेदीवाल्याची गाडी उभी होती, रोख पैसे घेऊन. जिनिंगला न्यायचं तर भाडं, काट्यावरची रांग, वर पैसे कधी मिळतील याचा भरवसा नाही. वेचणाऱ्या बायांची मजुरी मात्र थांबत नाही. प्रश्न अगदी रास्त होता.

आम्ही अमळनेरकडच्या एका जिनिंगवाल्यांशी बोलायला बसलो. आठवड्यातला ठरलेला वार, रांगेशिवाय काटा आणि त्याच दिवशी पैसे, एवढंच मागितलं. ते म्हणाले, "आधी कापूस स्वच्छ आणा." १७० किलोच्या गाठीला साधारण पाच क्विंटल कापूस लागतो, त्यात खताच्या गोणीचे धागे गेले, तर पुढे सुतात आणि कापडात दिसतात. त्यांचंही खरंच होतं.

मग सुती झोळ्या शिवून घेतल्या. कवडी, म्हणजे किडका-डागाळलेला कापूस, वेगळ्या झोळीत टाकायचं ठरलं. बाया म्हणाल्या, निवडत वेचलं की दिवसाचे किलो कमी भरतात, मजुरी वाढवा. स्वच्छ कापसाला जिनिंगने जो थोडा जादा भाव दिला, त्यातून पहिल्यांदा ती वाढ दिली. माझ्या मते या सगळ्या कामात सर्वांत महत्त्वाचं पाऊल हेच. दूर देशी सदऱ्यावर चिकटणाऱ्या 'बेटर कॉटन'च्या लेबलाचा पैसा वेचणाऱ्या हातापर्यंत यायलाच हवा.

पुढे एका हंगामात पैसे रखडले. बापूंसह बऱ्याच जणांनी दारातल्या गाडीला कापूस मोजून दिला. तेव्हापासून जिनिंगशी बोलताना पैशांची मुदत आम्ही सर्वांत आधी लिहून घेऊ लागलो.