क्रियापदाचं शेपूट

आबिड्स, हैदराबाद
रविवार, संध्याकाळ

चि. भाचीबाईस,


मीटिंग ‘कॉल ऑफ’ झाल्याचा निरोप आला आणि तू कानाला हेडफोन लावून कॉलची वाट पाहत बसलीस, हे ताईने फोनवर हसत हसत सांगितलं. हसू दे तिला. ‘कॉल’ ठाऊक, ‘ऑफ’ ठाऊक, पण दोन्ही एकत्र आले की बैठक रद्द होते, हे कुणी सांगितल्याशिवाय कळायचं कसं?

तू मागितलेलं पुस्तक आज घेतलं. रविवारी इथली बरीच दुकानं बंद असतात आणि आबिड्सपासून कोठीच्या बाजूला फुटपाथवर जुन्या पुस्तकांचे ढीग लागतात. फ्रेझल व्हर्बच्या, म्हणजे ‘कॉल ऑफ’सारख्या जोड्यांच्या, जाडजूड कोशांना तिथे तोटा नाही. परदेशी जायच्या परीक्षा देणारी मुलं ते विकून मोकळी होतात. चाळून पाहिले तर सगळ्यांची एकच तऱ्हा. ‘ब्रेक’, ‘ब्रिंग’पर्यंत पेन्सिलीच्या दाट खुणा, ‘कॉल’पाशी तुरळक, पुढे पानं कोरी करकरीत. ‘गेट’पर्यंत कुणी पोचलेलंच नाही! विकणाऱ्याला म्हटलं, अरे, हे तर वापरलेलंच नाही. तो म्हणाला, “हौ अम्मा, आधा नयाइच है.”

तेव्हा पुस्तक पाठवते, पण पहिल्या पानापासून पाठ करायला बसू नकोस. ‘गेट’ची यादी पाठ करणं मला तरी निव्वळ शिक्षा वाटते. सॅम्युअल जॉन्सननेसुद्धा 1755च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलं आहे की, क्रियापदामागे लागणारे हे छोटे शब्द परदेशी माणसाला सगळ्यात जड जातात. ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव मात्र बरंच अलीकडचं. लोगन पिअरसॉल स्मिथच्या 1925च्या पुस्तकातून ते रूढ झालं.

आपल्याला ते जड का जातात, याचं माझ्यापुरतं उत्तर असं, की आपली इंग्रजी घरातून आली नाही, कचेरीतून आली. त्यात आपण निजामाच्या राज्यातले. आपलं नांदेड 1948पर्यंत हैदराबाद संस्थानात होतं. तुझ्या पणजोबांना नोकरीसाठी उर्दू शिकावी लागली, कारण दप्तर उर्दूत चालायचं. उस्मानिया विद्यापीठ 1918 साली निघालं तेही उर्दू माध्यमाचं. इंग्रजी तिथे सक्तीची होती, पण एक विषय म्हणून. म्हणजे इंग्रजी आपल्याकडे आली ती व्याकरणाच्या पुस्तकातून, अर्जांतून, तारांतून. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आली, रेन अँड मार्टिन आलं, कपिल देवच्या जाहिरातीतलं रॅपिडेक्स आलं, तरी वळण कागदीच राहिलं.

कागदावरची इंग्रजी लॅटिन आणि फ्रेंचमधून आलेले भारदस्त शब्द पसंत करते. म्हणून आपल्याला ‘पोस्टपोन’ येतं, ‘पुट ऑफ’ येत नाही. ‘टॉलरेट’ येतं, ‘पुट अप विथ’ म्हटलं की आपण गोंधळतो. ‘पोस्टपोन’ इतकं अंगवळणी पडलं की त्यावरून आपण ‘प्रीपोन’ घडवलं, आणि मला त्या शब्दाचा अभिमान आहे. पण इंग्रज किंवा अमेरिकन पोर पाळण्यातून बाहेर येतं तेच ‘गेट अप’, ‘सिट डाउन’, ‘पुट ऑन’ ऐकत. पोस्टपोन त्याला शाळेत भेटतं. आपला प्रवास बरोबर उलटा. तुझ्या कॉलवरची माणसं तुझ्याशी ती घरातली भाषा बोलतात आणि तू त्यांना कचेरीतल्या भाषेत उत्तर देतेस. यात कमीपणा कसला?

शिवाय ही युक्ती आपल्याला नवी नाही. ‘खा’ आणि ‘खाऊन टाक’ यांत काय फरक आहे, सांग पाहू. टाकायचं तर काहीच नाही, उलट पोटात घालायचं आहे! ‘टाक’ आपला अर्थ सोडून नुसतं ‘संपव, शिल्लक ठेवू नकोस’ एवढं सांगतं. ‘बोलून बसला’ म्हटलं की तो उभा असला तरी चालतो; बोलायला नको होतं, एवढंच ‘बसला’ सांगतं. ‘करून ठेव’मध्ये पुढची सोय आली, ‘करून दाखव’मध्ये आव्हान आलं. आपण मुख्य क्रियापदाला दुसऱ्या क्रियापदाचं शेपूट लावतो, ते ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’चं लावतात. तू मार्कांसाठी घेतलेल्या संस्कृतात हेच पुढच्या बाजूने होतं. एकाच ‘हृ’ धातूपासून आहार, विहार, संहार आणि प्रहार. ते मुकाट्याने शिकलीस ना?

म्हणून माझं म्हणणं, क्रियापद धरू नकोस, शेपूट धर. ‘अप’ घे. ईट अप, ड्रिंक अप, यूज अप, क्लीन अप. सगळीकडे आपलं ‘टाक’ आहे: खाऊन टाक, पिऊन टाक, वापरून टाक. ‘आउट’ बऱ्याचदा लपलेलं उजेडात आणतं. फाइंड आउट, फिगर आउट, पॉइंट आउट. क्रिकेटमुळे ‘रन आउट’ आपल्या घराघरांत आहे, पण ‘वुई हॅव रन आउट ऑफ शुगर’ म्हटलं की पंच बोलवायचा नाही, किराणा आणायचा.

‘ऑफ’ मात्र लबाड आहे. मुळात त्यात सुटणं, तुटणं, दूर होणं आहे: टेक ऑफ, कट ऑफ, ले ऑफ. कॉल ऑफही त्याच घरातलं, ठरलेलं मोडलं. इथवर ठीक. पण लाइट्स ‘गो ऑफ’ झाले तर दिवे गेले, दूध ‘गो ऑफ’ झालं तर नासलं, आणि अलार्म ‘गो ऑफ’ झाला तर वाजला! आपल्या कानाला अलार्म बंद पडला असं वाटतं आणि समोरचा म्हणत असतो की त्यामुळे तर मला जाग आली. शिकवताना मी मुलांना सांगायची, बंदूक आठवा. आधी बंदूक ‘गो ऑफ’ झाली, म्हणजे बार सुटला. तसाच आवाज घड्याळातून सुटतो. पटो न पटो, लक्षात राहतं. फॉर्म तर ‘फिल इन’ करा नाहीतर ‘फिल आउट’ करा, भरला जातोच. तिथे तर्क चालवू नये. पण ‘फिल इन फॉर’ कुणी म्हटलं तर फॉर्म शोधत बसू नकोस. कुणी रजेवर आहे, त्याचं काम तुझ्या गळ्यात पडतंय.

नियम एकच सांगते, कारण तो रोज लागेल. ‘इट’, ‘हिम’, ‘देम’ असली सर्वनामं आली की ती मध्ये बसतात: ‘पुट इट ऑफ’, ‘कॉल इट ऑफ’. पण ‘लुक आफ्टर’, ‘लुक इनटू’ यांची जोडी फोडायची नाही: ‘लुक इनटू इट’. कानाने ओळखायचं तर जोर कुठे पडतो ते ऐक. ‘कॉल इट ऑफ’मध्ये आवाज ‘ऑफ’वर चढतो, ‘लुक इनटू इट’मध्ये ‘लुक’वर. अपवाद निघतील, निघू देत.

आणि लगेच बोलायची घाई करू नकोस. आधी समजू लागलं की पुष्कळ झालं. तुझ्या कामाच्या मोजक्या जोड्या घे. ‘गेट बॅक टू यू’ म्हणजे नंतर कळवतो (कळवेलच असं नाही). ‘लुक इनटू’ म्हणजे बघतो. ‘साइन ऑफ’ म्हणजे मंजुरी. ‘आय हॅव टू ड्रॉप ऑफ’ म्हणजे मी कॉलवरून निघतो. त्याला काही लागलेलं नाही. ईमेलमध्ये ‘पोस्टपोन’ खुशाल लिही, तिथे तेच शोभतं. उगीच चार-चार शेपटं लावून लिहिणारी माणसं मला नव्या बुटांत चालल्यासारखी वाटतात.

नवी जोडी ऐकलीस की अख्खं वाक्य वहीत उतर, कोण कुणाला आणि कशावरून म्हणालं त्यासकट. नुसता अर्थ लिहिलास तर तुझ्या पेन्सिलीच्या खुणाही ‘कॉल’पाशीच थांबतील. पार्सल उद्या जीपीओतून टाकते. सोबत एक जुना इंग्रजी रहस्यकथांचा खंड आहे. गुन्हेगार पळतात, पोलीस शोधतात, म्हणजे ‘रन अवे’ आणि ‘ट्रॅक डाउन’ची चंगळ. ताईला सांग, साखर कमी खा. तिथे ‘कट डाउन ऑन’ चालेल.

तुझी,
मावशी

ता. क. : तुझ्या बायोडेटात ‘आय पास्ड आउट इन 2023’ असं आहे. आपल्याकडे सगळे तसंच म्हणतात, आणि लष्करात पासिंग आउट परेड असतेच. पण तुझा अमेरिकन साहेब वाचेल की ही मुलगी 2023 साली बेशुद्ध पडली. ‘ग्रॅज्युएटेड’ लिही.