चुन्याची रेघ आणि शिवार

हिंगोली जिल्ह्यात आखणीचं काम घेणाऱ्या सिव्हिल इंजिनिअरच्या गाडीत टोटल स्टेशन नावाचं मोजणीयंत्र असतं, तिपाई असते, चुन्याची गोणी असते आणि गावनकाशाची घड्या पडून मळलेली झेरॉक्स असते. यंत्र मिलिमीटरपर्यंतची उंची सांगतं, नकाशा गटनंबर दाखवतो. आषाढात पाणी नेमकं कोणत्या अंगानं येतं, ते मात्र दोघांनाही ठाऊक नसतं. ते धुऱ्यावर हात मागं बांधून उभ्या असलेल्या माणसाला ठाऊक असतं. तो बराच वेळ गप्प बघतो आणि खुंटी ठोकायच्या वेळी म्हणतो, "सायेब, मोरी इथं धरता खरं, पण पाणी त्या बाभळीकडून येतंय."

लेव्हलच्या वहीत सगळ्यात खोल जागा इथलीच असते, त्यामुळे नवखा इंजिनिअर हसून पुढं जातो. मुरलेला मात्र "दाखवा काका," म्हणत त्याच्यामागं चालू लागतो. वरच्या अंगाला कुणीतरी हळदीसाठी रान सपाट केलेलं असतं, बांध दोन हात सरकलेला असतो आणि पाण्यानं आपली वाट कधीच बदललेली असते. मोजणी मे महिन्यातली. तेव्हा काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा असतात आणि पाण्याची खूण म्हणाल तर वाळलेल्या गवताची एक तिरकी रेघ, ती ज्याला दिसते त्यालाच दिसते. ती वाचली नाही तर पहिल्याच पावसात रस्त्याच्या एका अंगाला तळं साचतं आणि दुसऱ्या अंगाची मोरी कोरडी राहते.

काळी माती हा इथल्या धंद्याचा जुना वैरी. ओली झाली की फुगते, वाळली की आकसते आणि वर बांधलेलं सगळं हलवते. ती उकरून मुरूम भरणं, पाया खालच्या खडकापर्यंत नेणं, हे उपाय पुस्तकात आहेत. पाणंद रस्त्याच्या भांडणावर तसा उपाय नाही. नकाशात पाणंद सरळ आणि रुंद. जागेवर दोन्हीकडून नांगर आत आलेला, मध्ये जेमतेम बैलगाडीपुरती वाट. बांधावरून जाण्याच्या हक्काचा वाद महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४३ खाली तहसीलदारापुढं नेता येतो. तरी निकालापेक्षा पारावरचा समझोता टिकतो, असंच या कामात केस पांढरे झालेली माणसं सांगतात.

अशा या जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यातल्या दुधाळ्याच्या शिवारात, देशातलं एक अत्यंत नाजूक बांधकाम व्हायचं आहे. गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा. अमेरिकेतल्या दोन वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी अशी लहर पहिल्यांदा पकडली, ११ फेब्रुवारी २०१६ ला ते जाहीर झालं आणि त्याच महिन्यात केंद्रीय मंत्रिमंडळानं भारतातल्या वेधशाळेला तत्त्वतः मान्यता दिली. अंतिम मंजुरी यायला एप्रिल २०२३ उजाडला. खर्च सुमारे २,६०० कोटी रुपये. ११ मे २०२३ ला पायाभरणी झाली. पुण्याचं आयुका, इंदूरचं आरआरकॅट, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि बांधकामासाठी अणुऊर्जा विभागाचं संचालनालय अशा चार संस्थांचा हा संसार.

आखणीवाल्याला यातल्या लहरींपेक्षा नळीचं कौतुक जास्त. काटकोनात दोन भुजा, प्रत्येकी चार किलोमीटर, आत निर्वात पोकळी आणि लेसरचा किरण. किरण सरळ जातो, पृथ्वी वाकते. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी पाठ केलेलं सूत्र आहे: अंतराचा किलोमीटरमधला वर्ग गुणिले ०.०७८५. चारचा वर्ग सोळा, म्हणजे जवळपास सव्वा मीटर. चार किलोमीटरवर जमीन कमरेएवढी खाली गेलेली असते! जन्मभर ज्यानं बुडबुडा मध्यावर आणून 'लेव्हल' धरली, त्याला इथं नळीखालची काँक्रीटची पट्टी मुद्दाम लेव्हल सोडून, किरणाच्या रेषेत ओतायची आहे. हाताचं वळण मोडणारं असं काम वाट्याला येणं दुर्मीळच.

पण हिशेब इथं संपत नाही. प्रकल्पासाठी सुमारे १७४ एकर जमीन असल्याचं सरकारनं सांगितलं आहे. दोन्ही मिळून आठ किलोमीटरच्या भुजांवर ती पसरली तर सरासरी रुंदी नव्वद मीटरही भरत नाही. म्हणजे कारखान्यासारखं एका कोपऱ्यात कुंपण घालून बसणारं हे बांधकाम नव्हे. हा लांबट पट्टा आहे आणि लांबट पट्टा शिवार चिरतो. ओढे कापतो, गुरांच्या वाटा कापतो, एकाच घरची दोन रानं दोन बाजूंना टाकतो. रस्ता आणि कालवा करताना जे प्रश्न येतात, तेच इथंही: मोरी कुठं, ओलांडायला जागा कुठं, पावसाळ्यात साचलेलं पाणी कुणाच्या हळदीत जाणार?

शिवाय शेजाऱ्यांची गरज इथं कायमची आहे. प्रोटॉनच्या रुंदीच्या दहा हजाराव्या भागाएवढा फरक मोजणाऱ्या यंत्राला भोवतालच्या प्रत्येक धक्क्याची बाधा होते. अमेरिकेतल्या त्या दोन वेधशाळांपैकी लुइझियानातल्या लिव्हिंगस्टनला जंगलतोड आणि रेल्वेगाड्यांनी इतका त्रास दिला, की कंपनं दाबणारी जादा यंत्रणा बसवावी लागली. दुसऱ्या, हॅनफर्डच्या वेधशाळेत २०१७ मध्ये वेगळीच गंमत झाली. थंड नळीवर साचलेला बर्फ तहानलेले कावळे टोचत होते आणि त्या टोचा नोंदींत उमटत होत्या! दुधाळ्याच्या भोवती उद्या खडी क्रशर आला, सुरुंग लागले, अवजड गाड्यांचा रस्ता जवळून गेला, तर ते ऐकू येणारच. आणि जमिनीचे आवाज या जिल्ह्याला नवे नाहीत. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसरातल्या गूढ आवाजांच्या बातम्या अनेक वर्षं येत आहेत. मार्च आणि जुलै २०२४ मध्ये तर हिंगोलीला ४.५ तीव्रतेचे धक्के बसले.

वेधशाळेच्या निमित्तानं शाळांमधून विज्ञानाची ओळख करून देण्याचे कार्यक्रम चांगलेच आहेत. दुधाळ्याच्या पोरीनं आइनस्टाइनचं नाव घेतलं तर कुणाला आनंद होणार नाही? पण तेवढ्याला लोकसहभाग म्हणणं ही पळवाट झाली. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानं सामाजिक परिणामांचा अभ्यास आणि जनसुनावणी आणली. कित्येक ठिकाणी तिचं रूप मंडप, माइक, चहा आणि सह्या एवढंच राहिलं. त्यापेक्षा पाणलोटाच्या कामांतली शिवारफेरी कितीतरी प्रामाणिक. तिथं माणसं ज्या जागेबद्दल बोलतात, त्या जागेवर उभी असतात.

म्हणून औंढा तालुक्यात काम घेणाऱ्या प्रत्येक कंपनीला आणि तिच्या साइट इंजिनिअरला एक विनंती आहे. भुजांच्या दोन्ही अंगांच्या गावांत गटनंबर टाकलेला मराठी नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा, त्यात मोऱ्या आणि ओलांडण्याच्या जागा दाखवा. चुना मारण्याआधी एक फेरी ऐन पावसात, गुडघाभर चिखलात, गावच्या जाणत्यांना आणि रानात राबणाऱ्या बायांना बरोबर घेऊन काढा, आणि त्यांनी सांगितलेली पाण्याची प्रत्येक वाट लेव्हलच्या वहीत नोंदवा.