आयला, व्हिस्की नीट प्या!

धूर, खारा वारा आणि ग्लासात पडणारे पाण्याचे चार थेंब... स्कॉटलंडच्या एका चिमुकल्या बेटावर स्कॉचचे फंडे क्लिअर करण्याची ही सफर

सगळ्यात आधी उच्चार. नकाशावरचं स्पेलिंग वाचून आपण 'इस्ले' म्हणून मोकळे होतो. पण स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या या बेटाचं खरं नाव आहे 'आयला'. हो, आपलं तेच! ट्रॅफिकमध्ये, मॅचच्या शेवटच्या ओव्हरला आणि अप्रेझलचं लेटर उघडल्यावर तोंडातून निघणारं आयला! जगभरातले व्हिस्कीप्रेमी ज्या नावाला अडखळतात, ते आपल्याला जन्मजात येतं. मग जायला नको?

जायचं दुसरं कारण जरा कमी गमतीचं. मुंबईत मित्रमंडळींसोबत बसलो की मी व्हिस्की मागवते. वेटर ती हमखास शेजारच्या मुलासमोर ठेवतो आणि त्याचा फ्रेश लाइम सोडा माझ्यासमोर येतो. मग ग्लासांची अदलाबदल, दोन-चार टिपिकल जोक्स आणि लगेच फुकटचे सल्ले. 'नीटच प्यायची.' 'बर्फ? पाप आहे पाप!' 'सोडा घातलास तर सिंगल माल्टचा खून.' गंमत म्हणजे हीच मंडळी सोमवारी सांगतात ती किती पेग झाले याची गोष्ट. चव कशी होती, हे कुणीच सांगत नाही. म्हटलं, जिथे ही बनते तिथल्याच लोकांना विचारू या, बॉस, नक्की प्यायची कशी?

बस, बोट आणि हात हलवणारे लोक

ग्लासगोहून बस निघते. आधी लोमंड तलावाचा काठ, मग चक्क घाट. घाटमाथ्याचं नाव 'रेस्ट अँड बी थँकफुल', म्हणजे वर पोचलात, आता टेका आणि आभार माना. हिरवे डोंगर, ढग, भुरभुर पाऊस. जुलैतल्या ताम्हिणीची आठवण यावी असा सगळा मामला, फक्त कणसंवाला नाही. साधारण साडेतीन तासांनी केनाक्रेगचा धक्का येतो आणि तिथून फेरी. भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच पकडणाऱ्यांना सवय असेल, पण ही बोट चांगली सव्वादोन तास समुद्र कापते आणि मग पोर्ट एलनला लागते.

२०११ च्या जनगणनेत बेटाची लोकसंख्या होती ३,२२८. आपल्याकडे एखाद्या मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये याहून जास्त माणसं सापडतील. पण एवढ्याशा वस्तीत दहाच्या आसपास डिस्टिलऱ्या आहेत. रस्त्यावर समोरून येणारा प्रत्येक ड्रायव्हर हात हलवतो. पहिल्या दिवशी मला वाटलं, माझं काहीतरी चुकलंय. नंतर कळलं की इथली ही रीतच आहे. ओळख असो वा नसो, हात करायचाच.

पोर्ट एलनपासून एक पायवाट निघते आणि साधारण पाच किलोमीटरच्या आत लाफ्रॉइग, लॅगावूलिन आणि आर्डबेग अशा तीन दिग्गज डिस्टिलऱ्यांना टेकत जाते. लाफ्रॉइग आणि आर्डबेग १८१५ च्या, लॅगावूलिन १८१६ ची. मरीन ड्राइव्हपेक्षा थोडंसंच लांब अंतर आणि वाटेत तीन दंतकथा!

हजार वर्षांचा धूर

आयलाच्या व्हिस्कीची ओळख म्हणजे धूर. तो येतो पीटमधून. पाणथळ माळावर शेवाळ आणि झुडपं मरतात, पण पुरती कुजत नाहीत. थरावर थर साचतो आणि त्याची काळी-तपकिरी ढेकळं होतात. वेग किती, तर वर्षाला साधारण एक मिलिमीटर. म्हणजे मीटरभर खोल खणलेलं ढेकूळ हजारेक वर्षांपूर्वीचं. शिवराज्याभिषेकाच्याही साडेसहाशे वर्षं आधीचं! त्यामुळे हे उगाच उधळण्यासारखं प्रकरण नाही.

बार्ली भिजवायची, मटकीला आणतो तसे मोड आणायचे आणि मग पीटच्या धगीवर ती वाळवायची. धुरातली फिनॉल नावाची रसायनं दाण्यांना चिकटतात, ती शेवटपर्यंत पाठ सोडत नाहीत. पुढे दळणं, आंबवणं, तांब्याच्या भांड्यातून दोनदा गाळणं आणि ओकच्या पिंपात झोपवणं. कायद्याने किमान तीन वर्षं आणि तीही स्कॉटलंडमध्येच, नाहीतर तिला स्कॉच म्हणता येत नाही. बाटलीवर '१६' लिहिलं असेल, तर आतली सगळ्यात तरुण व्हिस्कीही १६ वर्षांची असते.

या काळात दरवर्षी साधारण दोन टक्के व्हिस्की पिंपातून उडून जाते. तिला म्हणायचं देवदूतांचा वाटा. आपल्या हवेत देवदूत जास्तच तहानलेले असतात. गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉनची सिंगल माल्ट बनते. तिथल्या उकाड्यात उडण्याचं प्रमाण कितीतरी जास्त, पण लाकडाचा गुणही तितकाच लवकर उतरतो.

तीन महिन्यांची टेम्पररी

लाफ्रॉइगमध्ये मला भेटली ती बेसी विल्यमसन. म्हणजे तिची गोष्ट. ग्लासगो विद्यापीठाची ही पदवीधर १९३४ मध्ये इथे आली. काम काय, तर उन्हाळ्याचे तीन महिने शॉर्टहँड-टायपिस्ट. आजच्या भाषेत समर जॉब. मालक इयन हंटर यांना तिची कामाची पकड दिसली आणि तीन महिने काही संपेनात. हंटर आजारी पडल्यावर अमेरिकेचा व्यवहार तिने हाती घेतला, महायुद्धाच्या काळात डिस्टिलरी सांभाळली. १९५४ मध्ये हंटर गेले तेव्हा डिस्टिलरी तिच्या नावावर झाली. पुढे तिने ती टप्प्याटप्प्याने मोठ्या कंपनीला विकली, पण १९७२ पर्यंत ती कामात होतीच.

आणि ही एकटीच नव्हे. १९व्या शतकात कार्डू डिस्टिलरी चालवणारी एलिझाबेथ कमिंगही बाईच. १८९३ मध्ये तिने ती विकली ती जॉनी वॉकरवाल्यांना आणि कार्डूची माल्ट त्यांच्या ब्लेंड्सचा कणा बनली. म्हणजे जी बाटली समोर ठेवून आपले काका-मामा 'हे पुरुषांचं काम' म्हणतात, तिच्या मुळाशी एका बाईचा धंदा आहे! पुढच्या लग्नात हे सांगून बघा. टेबलावर छान शांतता पसरते.

जगमध्ये काय होतं?

आता मूळ प्रश्न. मी राहिले त्या घरगुती लॉजच्या मालकीणबाईंनी संध्याकाळी ग्लास आणला आणि त्याच्या बाजूला पाण्याचा छोटासा जग. किती घालायचं, मी विचारलं. तुला बरं लागेल तेवढं, असं म्हणून त्या आपल्या विणकामाकडे वळल्या. बस! ना लेक्चर, ना नियम. डिस्टिलऱ्यांमध्येही तेच दिसलं. पहिला घोट तसाच, मग थेंब थेंब पाणी.

यामागे सायन्सही आहे. स्वीडनमधल्या लिनियस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २०१७ मध्ये कॉम्प्युटर सिम्युलेशन करून पाहिलं. धुराचा वास देणारा ग्वायाकॉल नावाचा रेणू अल्कोहोल ५९ टक्क्यांच्या वर असेल तर आत दडून बसतो. ते ४५ टक्क्यांपर्यंत खाली आलं की तो वर, पृष्ठभागाजवळ येतो. म्हणजे सरळ आपल्या नाकाजवळ. थोडक्यात, 'नीट' प्यायली म्हणजे नीट प्यायली असं नव्हे. पिंपातून थेट भरलेल्या कडक व्हिस्कीला पाणी हवंच. ४० ते ४६ टक्क्यांची नेहमीची बाटली असेल तर चार थेंब पुष्कळ.

आणि बर्फ? थंडीने वास मिटतो, हे खरं. पण 'रूम टेम्परेचरला प्या' हा सल्ला जिथून आला, तिथे भर उन्हाळ्यात दुपारचा पारा १६-१७ अंशांवर असतो. मे महिन्यातल्या ठाण्यात, पंखा गरगरत असताना, रूम टेम्परेचर म्हणजे कोमट काढा! अशा वेळी ग्लास दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा किंवा बर्फाचा एकच मोठा खडा टाका. पाप-बिप काही लागत नाही.

बंद दारं, उघडी दारं

आयलावर फिरताना एक गोष्ट मात्र आत रुतली. ही सगळी श्रीमंती कायमची नाही. १९८० च्या दशकात स्कॉचची मागणी घसरली आणि बेटाने किंमत मोजली. आर्डबेग १९८१ मध्ये बंद, पोर्ट एलन १९८३ मध्ये बंद. १९९४ मध्ये ब्रुकलॅडी गेली. तीन हजारांच्या गावात एक डिस्टिलरी बंद पडते म्हणजे काय, हे गिरणगाव पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको. फरक एवढाच की इथे भोंगे पुन्हा वाजले. आर्डबेगला १९९७ मध्ये नवा मालक मिळाला, ब्रुकलॅडी २००१ मध्ये सुरू झाली आणि पोर्ट एलनचं दार तब्बल ४० वर्षांनी, मार्च २०२४ मध्ये उघडलं.

२०२४ मध्ये स्कॉचच्या सर्वाधिक बाटल्या कुठे गेल्या, माहितेय? भारतात. १९ कोटींहून जास्त! म्हणजे आपण काय आणि कसं पितो, याच्याशी आता दूरवरच्या लोकांची रोजीरोटी जोडलेली आहे. शिवाय विचार करा, आज तुमच्या ग्लासात असलेली लॅगावूलिन कुणीतरी किमान १६ वर्षांपूर्वी पिंपात भरली. तेव्हा त्या माणसाला तुम्ही कोण, हे माहीत नव्हतं. १६ वर्षांनी कुणीतरी चवीने पिईल, एवढाच भरवसा. आणि आपण ती फोनमध्ये डोकं घालून सात मिनिटांत संपवणार? छ्या!

माझे लाडके आणि त्यांचे नखरे

लाफ्रॉइग १०: पहिला वास घेतलात की वाटेल, दवाखान्याशेजारच्या सुक्या मासळीच्या बाजारात कुणीतरी शेकोटी पेटवलीय. घाबरू नका. चार थेंब पाणी घाला आणि सोबत निखाऱ्यावर भाजलेला सुका बोंबील. धुराला धूर, मिठाला मीठ. या जोडीला तोड नाही. चणा मसाला मात्र लांब ठेवा, तिखटापुढे कुठलीच व्हिस्की टिकत नाही.

लॅगावूलिन १६: धूर आहे, पण गोडसर आणि मऊ. जेवणानंतर, पाण्याशिवाय, गप्पा संपत आल्या की. एकच घ्यायची आणि अर्धा तास पुरवायची.

कल ईला १२: सोडावाल्यांनो, ही तुमची. उंच ग्लास, भरपूर बर्फ, थंड सोडा. धूर हलका होऊन फुलतो. तुमच्या ओळखीच्या ब्लॅक लेबलच्या मागून येणाऱ्या धुराचं गुपितही हीच आहे. तिच्या घडणीत कल ईला असते. त्यामुळे ब्लॅक लेबल-सोडा मागवताना अजिबात ओशाळू नका.

बुनाहावेन १२: आयला म्हणजे धूरच, हा समज मोडायला. हिच्या नेहमीच्या बाटलीत पीटचा धूर जवळजवळ नसतो. सुका मेवा, खारा वारा, बस. धुराची भीती वाटणाऱ्यांनी इथून श्रीगणेशा करावा.

ब्रुकलॅडीची क्लासिक लॅडी: निळसर बाटली बघून फसू नका, ५० टक्के अल्कोहोल आहे. हिलाही धूर नाही. पाणी जरा सढळ हाताने घाला, मग बार्लीचा गोडवा वर येतो.

आता थोडं शिस्तीचं. ग्लास शक्यतो खाली फुगीर आणि वर निमुळता घ्या, वास जमा होतो. नाक आत खुपसू नका, झिणझिण्या येतील. तिथल्या पबमध्ये एक माप २५ किंवा ३५ मिलिलिटरचं असतं. आपला लार्ज ६० चा, म्हणजे तिथले जवळजवळ दोन. आपल्या राज्यात व्हिस्कीसाठी वयाची अट २५ आणि परवानाही लागतो, हे विसरू नका. गाडी असेल तर पिऊच नका. तिकडे डिस्टिलऱ्या ड्रायव्हरचा वाटा छोट्या बाटलीत भरून देतात, घरी जाऊन प्यायला. ही आयडिया आपण जरूर उचलावी.

तिथे ग्लास उंचावताना म्हणतात, 'स्लांजा वा!' गेलिकमध्ये याचा अर्थ, तब्येत उत्तम राहो. तेव्हा दुसरा लार्ज भरण्याआधी एकदा अर्थ आठवा. पाण्याचा जग जवळ ओढा, फोन पालथा घाला, आणि तुमच्या ग्लासात काय असावं हे दुसऱ्या कुणाला ठरवू देऊ नका. स्लांजा वा, मंडळी!