टिरेट्टा बाजारातला पहाटेचा नाश्ता

कोलकात्याला जाणारा मराठी माणूस दक्षिणेश्वरला हात जोडतो, बेलूर मठ आणि व्हिक्टोरिया मेमोरियल पाहतो, रसगुल्ल्यांचे डबे बांधून घेतो आणि परतीची गाडी पकडतो. आम्हीही तेच करणार होतो. पण हॉटेलच्या दरवानाने सांगितले, "रविवारी सहाला टिरेट्टा बाजारला जा. उशीर केलात तर नुसता रस्ता दिसेल!"

झाले! सासूबाई, मुलगा आणि आम्ही दोघे अशी वरात भल्या पहाटे टॅक्सीतून निघाली. लालबाजारचे पोलीस मुख्यालय मागे टाकून पोद्दार कोर्टच्या इमारतीपाशी उतरलो. आपल्याकडे नाश्त्याच्या गाड्या लागतात, तशा इथे फारशा नाहीत. फुटपाथवर छोटी टेबले, त्यांवर ॲल्युमिनियमची वाफाळणारी भांडी आणि भोवती गिऱ्हाइकांचा गराडा. मोमो, माशाच्या गोळ्यांचे सूप, डुकराच्या मांसाचे सॉसेज आणि बाओ. बाओ म्हणजे आपल्या उकडीच्या मोदकाचा लांबचा चिनी भाऊच म्हणा ना! पारी आंबवलेल्या मैद्याची, आत सारण मांसाचे.

या बाजाराचे नाव पडले ते एदुआर्दो तिरेत्ता या व्हेनिसच्या गृहस्थावरून. अठराव्या शतकात तो कंपनी सरकारच्या चाकरीत इथे रस्ते आणि इमारतींचे काम पाहत असे. त्याच शतकाच्या अखेरीस, वॉरन हेस्टिंग्जच्या काळात, आच्यू नावाच्या चिनी माणसाने बजबजजवळ साखरेचा कारखाना काढला. ते गाव आजही अछिपूर म्हणून ओळखले जाते. पुढे चिनी सुतार, चर्मकार, दाताचे डॉक्टर येत गेले आणि टिरेट्टा बाजारात त्यांची वस्ती वाढली.

सूप पिता पिता मी शेजाऱ्यांना विचारले, "कसं वाटतं इथलं खाणं?" बंगाली माणसाला खाण्याबद्दल मत विचारायचे म्हणजे त्याला आग्रहच लागत नाही! एक तरुण जोडपे म्हणाले, "सूप आज जरा पातळ आहे, पण बाओ झकास." कॉलेजच्या मुलांना किंमत परवडत होती. बाजाराची पिशवी घेऊन आलेले एक वृद्ध गृहस्थ मात्र नाराज होते. "चाळीस वर्षं येतोय. तेव्हा या रांगेत सगळे चिनीच होते. आता निम्म्याहून जास्त विकणारे बाहेरचे. ती चव राहिली नाही."

ते म्हणाले ते खोटे नव्हते. १९६२ च्या युद्धानंतर चिनी वंशाच्या भारतीयांवर संशयाची छाया पडली. सुमारे ३,००० जणांना राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबले गेले, काही जण तर कित्येक वर्षे तिथेच होते. त्यात इथेच जन्मलेली मुले-माणसेही होती. सुटून आल्यावर अनेकांचे धंदे बुडाले होते. कित्येक कुटुंबे कॅनडाला, ऑस्ट्रेलियाला गेली. काही हजारांची वस्ती उरली आहे, तीही बरीचशी पूर्वेकडच्या टेंगरा भागात.

कोपऱ्यातल्या टेबलामागे एक म्हातारी चिनी बाई अस्खलित बंगालीत हिशेब सांगत होती. सगळे तिला 'आंटी' म्हणत. सासूबाई शाकाहारी. त्यांनी खुणेनेच विचारले, "माझ्यासाठी काही?" आंटीने हसून समोरच्या पुरी-भाजीवाल्याकडे बोट दाखवले आणि बसायला स्वतःचे स्टूल पुढे केले. दोघींची भाषा वेगळी, पण पाचच मिनिटांत नातवंडांचा विषय निघाला. हिची नातवंडे टोरंटोत, आमच्या सासूबाईंची पुण्यात! "मुलं बोलावतात," आंटी म्हणाली, "पण तिथे पहाटे उठून करू काय?" मी दुभाष्याचे काम जमेल तसे केले.

निघताना मी त्या नाराज गृहस्थांना गाठले. "काका, चव राहिली नाही म्हणता, मग दर रविवारी येता कशाला?"

त्यांनी आंटीकडे पाहिले. "आम्ही यायचं थांबवलं, तर ती उद्या टेबल कुणासाठी मांडेल?" एवढे बोलून त्यांनी चार बाओ बांधून घेतले.

तुम्ही गेलात तर सहाच्या सुमारास पोहोचा आणि सुटे पैसे जवळ ठेवा. खाऊन झाल्यावर जवळच्या छातावाला गल्लीतले सी इप हे चिनी देऊळही पाहा. तिथे दयेची देवी क्वान यिन आहे. सासूबाईंनी तिच्यापुढे हात जोडले. काय मागितले, ते विचारले नाही. परतताना टॅक्सीत त्या एवढेच म्हणाल्या, "त्या बाईचं स्टूल मी घेतलं. ती बिचारी तेवढा वेळ उभीच होती गं."