आक्काचं देणं

प्रदर्शनात माझे वाडगे हातात घेऊन बघणारे लोक एक प्रश्न हमखास विचारतात, कुठं शिकलात? उत्तर सोपं आहे. देबोरा स्मिथ आणि रे मीकर यांनी १९७१ साली पुदुच्चेरीत गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली. तिथं तयार झालेल्या एका सरांकडे मी पुण्यात उमेदवारी केली. स्टोनवेअरची माती, ग्लेझ, भट्टीची शिस्त, सगळं त्यांच्याकडचं. हे उत्तर खरं आहे, पण अर्धं. उरलेलं अर्धं कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या कुंभार गल्लीत आहे. ते माहितीपत्रकात कधी छापलं जात नाही, म्हणून इथं लिहिते आहे.

आई नर्स होती. तिची दुपारची पाळी असली की शाळा सुटल्यावर मी थेट आक्काकडे जायची. आक्का त्याच गल्लीतल्या कुंभाराच्या घरातली, आमच्या नात्यातली नव्हे. तरी भाकरी-आमटी तिच्याकडे, अभ्यास तिच्या ओसरीवर आणि ताप आला तर कपाळावर पट्टीही तिचीच. आईनं पैशांचा विषय काढला की ती उखडायची. "पोरगी हाय ती, पावणी न्हवं," एवढंच म्हणायची.

त्या घरात चाक पुरुषांचं होतं. बाईनं चाकाला हात लावायचा नाही, असा रिवाज. माती चाळायची, तिच्यात लीद आणि राख मिसळायची, पायानं तुडवायची, मळायची, मडकी उन्हातून सावलीत हलवायची, भाजणीचा आवा रचायला हात लावायचा आणि वर बाजारात जाऊन बसायचं, हे सगळं बायकांचं. कारागीर म्हणून नाव मात्र चाकावर बसणाऱ्याचं. मला ते तेव्हाही खटकायचं आणि आज तर जास्तच खटकतं. चाकाशिवाय जे जे होतं, ते आक्का करायची. चुली, शेगड्या, माठावरच्या झाकण्या, बेंदराच्या सणाचे मातीचे बैल आणि पाखरांना पाणी ठेवायचे पसरट वाडगे.

त्या वाडग्यांनीच माझं आयुष्य ठरवलं. आक्का गोणपाटावर राख भुरभुरायची, त्यावर मातीचा गोळा तळहातानं दाबत पसरवायची, मग थापटण्यानं सारखा करायची. मधेच थांबून ती अख्खी चकती पालथी करायची, पाव फेरा फिरवायची आणि पुन्हा थापटायची. उचलताना कडेला धरून कधीच उचलायची नाही, गोणपाटासकट उचलायची. जुनं गाडगं पालथं घालून त्याच्या बुडावर राख चोळायची आणि त्यावर ती चकती अलगद बसवायची. काठ ओल्या फडक्यानं दाबून गोल करायची. मग वाट बघायची.

पुढं पुण्यात स्लॅबचं, म्हणजे मातीच्या लाटलेल्या चकत्यांचं, काम सुरू झालं, तेव्हा सरांनी कारणं सांगितली. मातीचे कण चपटे असतात. एकाच दिशेनं लाटलं की ते एकाच दिशेला लागतात आणि वाळताना माती सगळीकडे सारखी आक्रसत नाही, म्हणून स्लॅब उलटायची, फिरवायची. एका कोपऱ्याला धरून उचलली तर तिला जो बाक येतो, तो वरून सपाट केला तरी भट्टीत परत उमटतो. सर बोलत होते आणि माझे हात ते आधीच करत होते. "हे कुणी शिकवलं तुला?" त्यांनी विचारलं. मी आक्काचं नाव सांगितलं. सरांनी ते वहीत लिहून घेतलं. यासाठी मी त्यांचीही ऋणी आहे.

साच्यावरून वाडगा काढायची वेळ हा या कामातला सगळ्यात नाजूक भाग. वाळताना माती आक्रसते, खालचं गाडगं आक्रसत नाही. घाईनं काढला तर वाडगा बसतो, उशीर केला तर तडकतो. ती मधली घटका ओळखायला आक्का वाडग्याला गाल लावायची, डोळे मिटून. ओली माती गालाला गार लागते. "आजून गार हाय, असू दे." काठाचा रंग उजळला, गारवा उतरला की दोन्ही हातांचे तळवे लावून ती वाडगा हलकेच सोडवायची. स्टुडिओत या अवस्थेला लेदर-हार्ड म्हणतात. मी आजही गालच लावते.

आज माझी स्लॅब ६ मिलिमीटर जाडीची असते. तेवढ्याच जाडीच्या दोन लाकडी पट्ट्यांमध्ये माती ठेवून त्यांवरून लाटणं फिरवते. पहिली भाजणी साधारण १००० अंश सेल्सिअसला, ग्लेझ लावल्यावर दुसरी १२४०च्या आसपास. ओला असताना १५ सेंटिमीटरचा वाडगा भट्टीतून बाहेर येतो तेव्हा साडेतेराच्या आत भरतो. भट्टी सुरुवातीला सावकाश तापवावी लागते, कारण मातीत राहिलेल्या पाण्याची एकदम वाफ झाली तर भांडं फुटतं. माझ्या भट्टीला आकडे दाखवणारं यंत्र आहे. आक्का आव्याचा धूर बघायची. पांढरा धूर म्हणजे अजून वाफच निघते आहे. तो विरेपर्यंत ती कुणालाही जाळ वाढवू द्यायची नाही. चाकावरचा कारागीरसुद्धा त्या वेळी तिचं ऐकायचा.

आपल्याकडे स्टुडिओ पॉटरीवर बोलताना संस्था आणि नामवंतांपासून सुरुवात होते. त्यांचं काम मोठं आहे, मी त्यावरच उभी आहे. पण चाक नाकारलं गेलेल्या बायकांनी नुसत्या हातांनी भांडी घडवायची विद्या सांभाळली आणि ती शेजारच्या पोरीलाही हात न आखडता दिली. त्यांना कुणी गुरू म्हटलं नाही. मी म्हणते. मी आक्काच्या घराण्याची आहे.

आक्का आता नाही. तिची नातसून विजेच्या चाकावर बसते, घरात कुणी हरकत घेत नाही. बैल अजून हातानंच होतात. बेंदराला कोल्हापुरात असाल तर कुंभार गल्लीत जा, मातीच्या बैलांची एक जोडी घ्या, घासाघीस करू नका. आणि माती कुणी मळली, तेही विचारा.