जवारी

मुलुंडच्या त्या जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरील एका खोलीत, दोन वाद्ये शेजारी शेजारी नांदत होती. एका कोपऱ्यात आजीचा तंबोरा होता व दुसऱ्या कोपऱ्यात नातवाची विजेवर चालणारी गिटार. तंबोरा आजीने तरुणपणी मिरजेहून आणलेला. गिटार मामाने वापरून जुनी झाल्यावर भाच्याला दिलेली. सूर्य राष्ट्रीय उद्यानाच्या टेकड्यांमागे उतरला, की आजी गवसणी काढून तंबोरा मांडीवर घेई. तिचा तास संपला, की नातवाचा तास सुरू होई. घरातला हा करार उभयपक्षी निष्ठेने पाळला जात असे.

नातू आठवीत शिकत होता. गिटारीचा स्वच्छ, काचेसारखा आवाज त्याला पुरेनासा झाला होता. जुन्या इंग्रजी गाण्यांतून त्याने एक निराळाच आवाज ऐकला होता. तो जाडाभरडा होता, किंचित घोगरा होता, आणि एकदा छेडलेली तार त्यात कितीतरी वेळ गुंजत राही. त्या आवाजाला ‘फझ’ म्हणतात आणि तो पायाने दाबायच्या एका लहानशा पेटीतून निघतो, असे मामाने सांगितले. अशी तयार पेटी, म्हणजे पेडल, विकत घ्यायची तर काही हजार रुपये हवेत. मुलाजवळ दिवाळीचे साठवलेले पैसे तेवढे नव्हते. “मग सुटे भाग आणून घरीच जोड की!” मामा सहज म्हणाला, आणि ते सहज उच्चारलेले वाक्य मुलाने मनावर घेतले.

एका शनिवारी मामाभाचे निघाले. मुलुंडहून दादर, तेथे पूल ओलांडून पश्चिम रेल्वेची धिमी गाडी, आणि मग ग्रँट रोड. स्थानकापासून थोडे चालले, की लॅमिंग्टन रोड लागतो. त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. परंतु मुंबई इलाख्याच्या एका जुन्या गव्हर्नराचे नाव लोकांच्या तोंडून अजून सुटलेले नाही. मुंबईत ज्याला विजेच्या उपकरणांची विद्या हातांनी शिकायची असेल, त्याची पावले आपोआप या रस्त्याकडे वळतात. कुठे तारांची भेंडोळी, कुठे दिव्यांचे मणी, कुठे बरण्यांत भरलेल्या चिमुकल्या वस्तू! किराणा दुकानात मोहरी-जिरे मोजून द्यावे, तसे येथे रेझिस्टर आणि कपॅसिटर मोजून देतात.

मुलाने ग्रंथालयातील एका पुस्तकातून मंडलाचा आराखडा वहीत उतरवून आणला होता. १९६६ साली लंडनमध्ये विक्रीस आलेल्या एका प्रसिद्ध पेडलचा तो आराखडा होता. सारे मिळून अकराच भाग: दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर आणि आवाज व खरखर कमीजास्त करण्यासाठी दोन फिरत्या चाव्या. शिवाय नऊ व्होल्टची बॅटरी. एका अरुंद दुकानातील वृद्ध दुकानदारांनी चष्मा कपाळावर सरकवून यादी वाचली आणि एकेक भाग कागदाच्या पुडीत घातला. रेझिस्टरवर आकडे नसतात, रंगांचे पट्टे असतात. ते कसे वाचावे, हेही त्यांनी सांगितले. काळा म्हणजे शून्य, तपकिरी एक, तांबडा दोन, नारिंगी तीन. तीन नारिंगी पट्टे म्हणजे तेहतीसवर तीन शून्ये, अर्थात ३३ हजार ओहम. परतीच्या गाडीत तो मुलगा नाहूरपर्यंत पट्टेच वाचत बसला होता.

या घोगऱ्या आवाजाच्या जन्माची हकीकत मोठी गमतीची आहे. अमेरिकेतील नॅशव्हिल या गावी एका गाण्याचे ध्वनिमुद्रण चालले होते. ग्रेडी मार्टिन नावाचे वादक खर्जातील गिटार वाजवीत होते. इतक्यात यंत्राचा एक भाग बिघडला आणि गिटारीचा सूर फाटून भसाडा येऊ लागला. ते मुद्रण फेकून द्यावे, असेच कोणालाही वाटले असते. परंतु ते तसेच ठेवले गेले, आणि १९६१ साली निघालेल्या त्या तबकडीतील तो बिघडलेला सूरच लोकांच्या मनात भरला. बिघडलेले यंत्र पुढे पुरतेच बंद पडले. तेव्हा ग्लेन स्नॉडी या ध्वनिमुद्रकाने एका सहकाऱ्याच्या मदतीने ट्रान्झिस्टर वापरून तोच बिघाड हुकमी घडवून आणणारे मंडल तयार केले. १९६२ साली ते पेटीच्या रूपाने बाजारात आले. असा एका यंत्राचा दोष दुसऱ्या यंत्राचा गुण ठरला.

हा बिघाड घडतो तरी कसा? ध्वनीची लहर एखाद्या गोल माथ्याच्या टेकडीसारखी असते. ट्रान्झिस्टर तिला मोठी करतो. पण बॅटरी असते नऊच व्होल्टची. लहर त्या मर्यादेपलीकडे वाढू पाहते, तेव्हा तिचा माथा सपाट कापला जातो. गोल टेकडीचे जणू पाचगणीचे पठार होते! असा माथा कापला गेला, की मूळ सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वर उमटतात. त्या उपस्वरांचा मेळावा म्हणजेच ती खरखर.

रविवारी दुपारी मुलाने खिडकीजवळ पाट मांडला आणि डाख देण्यास आरंभ केला. तापलेल्या टोकाने आधी जोड तापवावा आणि मग त्यास डाखाची तार लावावी. मामाने शिकवलेला हा क्रम त्याने कटाक्षाने पाळला. राळेचा धूर खोलीभर पसरला. डाखात शिसे असते, हे ऐकल्यापासून आजी त्याला हात साबणाने धुतल्याखेरीज चहाचा कपसुद्धा घेऊ देत नव्हती. संध्याकाळी सारे जोड चकचकीत दिसू लागले. त्याने गिटार लावली, बॅटरी जोडली आणि श्वास रोखून तार छेडली.

आवाज आला, पण तो किती क्षीण! पावसात भिजलेल्या फटाक्यासारखा फुसका. चावी पुरती फिरवली, तरी काही फरक पडेना. मुलाने दोन दिवस एकेक जोड तपासला. जोडांत दोष नव्हता. तेव्हा त्याने निष्कर्ष काढला, की दुकानदारांनी वाईट ट्रान्झिस्टर दिले. एकदा असे ठरल्यावर त्याला त्या वृद्ध गृहस्थांचे कपाळावर चष्मा सरकवणेही लबाडीचे वाटू लागले.

पुढील शनिवारी घरच्यांची परवानगी काढून तो एकटाच गेला. दुकानात गर्दी होती. “काका, तुम्ही मला खराब माल दिलात,” तो सर्वांदेखत मोठ्याने म्हणाला. गिऱ्हाइके वळून पाहू लागली. दुकानदार क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी मुलाने काढून आणलेले दोन ट्रान्झिस्टर घेतले आणि काहीही न बोलता दुसरे दोन पुडीत घालून दिले. पैसे घेतले नाहीत. मुलगा विजयी मुद्रेने घरी आला.

रात्री नवे ट्रान्झिस्टर जोडून झाले. त्याने तार छेडली. तोच क्षीण, फुसका आवाज!

आता मात्र त्याच्या चेहऱ्यावरचे तेज मावळले. दोन ट्रान्झिस्टर वाईट निघू शकतात. पण निरनिराळ्या वेळी घेतलेले चारही वाईट निघतील, आणि तेही हुबेहूब एकाच रीतीने? तो गुडघ्यांत मान घालून बसला. पलीकडे आजी तंबोरा लावीत होती. तिसरी तार बोलत नव्हती. तिचा स्वर मुका, कोरडा येत होता. आजीने घोडीवर तारेखाली घातलेला सुताचा बारीक दोरा बोटाने केसभर मागे सरकवला. स्वर तसाच. पुन्हा केसभर पुढे. आणि एकाएकी ती तार मधमाश्यांच्या पोळ्यासारखी गुंजू लागली.

“आजी, तार बदलायला झाली असेल, असं नाही का वाटलं तुला?” त्याने विचारले.

“तार बिचारी काय करील?” आजी म्हणाली, “जवारी लागली नाही, तर आधी आपण दोरा कुठे ठेवला ते पाहावं. तारेला दोष सगळ्यात शेवटी द्यायचा असतो.”

ती पुन्हा गाण्यात गढून गेली. मुलगा मात्र उठला. त्याने वही बाजूस सारली आणि ग्रंथालयातून आणलेले मूळ पुस्तक उघडले. ट्रान्झिस्टरची आकृती पाहिली. त्याला तीन पाय असतात: एमिटर, बेस आणि कलेक्टर. बेसमध्ये अल्पसा प्रवाह सोडला, की इतर दोन पायांमधून त्याच्या शंभराहून अधिक पट प्रवाह वाहतो. नळाची चावी दोन बोटांनी फिरवली तरी पाण्याचा लोंढा सुटतो, तसा. आकृती तर त्याने वहीत बरोबर उतरवली होती. परंतु तिच्या खाली बारीक अक्षरांत छापलेले शब्द उतरवण्याचा त्याला कंटाळा आला होता: ‘खालून पाहिले असता.’ त्याने ती आकृती वरून पाहिल्याची समजून पाय जोडले होते. आरशात डाव्याचे उजवे व्हावे, तसे एमिटरच्या जागी कलेक्टर आणि कलेक्टरच्या जागी एमिटर गेले होते. असा उलटा जोडलेला ट्रान्झिस्टर अगदीच मुका राहत नाही. पण त्याची वाढवण्याची शक्ती जवळजवळ नाहीशी होते. ट्रान्झिस्टरच्या धातूच्या टोपीला एक इवलीशी जीभ असते आणि तिच्याजवळचा पाय एमिटरचा असतो. ती खूण चारही ट्रान्झिस्टरांवर होती. त्याने पाहिली मात्र नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्याने पाय सुलटे जोडले. तार छेडताच खोली दणाणून गेली. जाडाभरडा, घोगरा सूर लांबच लांब गुंजत राहिला. त्यामागे एक संथ घुमणेही ऐकू येत होते. घरातील विजेची सेकंदाला ५० आवर्तने उघड्या तारांत शिरत होती. सारे मंडल चहाच्या पत्र्याच्या डब्यात बसवून डबा बॅटरीच्या ऋण टोकाशी जोडला, तेव्हा तेही पुष्कळसे शांत झाले.

आजी दारात उभी राहून ऐकत होती. “हे तर जवारीसारखंच आहे रे,” ती म्हणाली.

आजीचे म्हणणे अगदीच वावगे नव्हते. तंबोऱ्याची घोडी रुंद व किंचित उताराची असते. कंप पावणारी तार तिच्या पाठीला पुनःपुन्हा हलकेच स्पर्श करते आणि त्यातून उपस्वरांचा झरा फुटतो. तार विशिष्ट ठिकाणी छेडली असता जो उपस्वर मुळीच उमटू नये, तोही या घोडीमुळे स्पष्ट उमटतो, असे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात दाखवले होते. मिरजेच्या कारागिरांना हे गणित ठाऊक नसेल; पण घोडी कानसून, दोरा सरकवून, कानाने पारखून त्यांनी ही गुंज पिढ्यान्‌पिढ्या साधली. त्यांच्या सतारींना व तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. डब्यातील ट्रान्झिस्टर आणि घोडीवरचा दोरा यांच्या वाटा भिन्न आहेत. पण साध्या स्वराला उपस्वरांनी समृद्ध करण्याचे काम दोन्हींचे आहे.

मुलगा मात्र त्या आनंदात पुरता रमला नाही. त्याच्या डोळ्यांपुढे ते गर्दीचे दुकान येत होते, वळून पाहणारी गिऱ्हाइके येत होती. पुढच्या शनिवारी तो पुन्हा दादरला पूल ओलांडून ग्रँट रोडला उतरला. दुकानापाशी पोचल्यावर आत कोणी नाही, असे पाहून त्याला बरे वाटले. मग त्यालाच त्याची लाज वाटली. तो बाहेर थांबून राहिला. चारपाच गिऱ्हाइके जमल्यावर तो आत शिरला.

“काका, तुमचा माल चांगला होता. मीच पाय उलटे जोडले होते. त्या दिवशी मी सगळ्यांसमोर बोललो, म्हणून आजही सगळ्यांसमोरच सांगतो. हे दुसऱ्या दोन ट्रान्झिस्टरांचे पैसे.”

दुकानदारांनी चष्मा कपाळावर सरकवला. त्यांनी पैसे मोजून गल्ल्यात टाकले आणि खणातून एक पुडी काढून त्याच्या हाती दिली. तीत ते पहिले दोन ट्रान्झिस्टर होते.

“त्याच संध्याकाळी तपासले होते मी,” ते म्हणाले. “दोन्ही ठणठणीत आहेत. तुझेच आहेत, घेऊन जा.”

“मग तुम्ही मला सांगितलं का नाही?”

“त्या दिवशी तू विचारायला आला नव्हतास, बाळ, सांगायला आला होतास.”

आणि ते पुढच्या गिऱ्हाइकाची यादी वाचू लागले. मुलाने ती पुडी खिशात जपून ठेवली. गाडीत बसल्यावर त्याने ती उघडली, एक ट्रान्झिस्टर तळहातावर घेतला आणि टोपीच्या कडेची ती इवलीशी जीभ बोटाने चाचपून पाहिली.