त्यात काय एवढं?

आगाशी,
मंगळवार, रात्र

चि. बेबीस,


काल तू अंधेरीच्या प्लॅटफॉर्मवरून रडत बोलत होतीस आणि मागे विरार फास्टची अनाऊन्समेंट. अर्धं कळलं, अर्धं नाही. एवढं मात्र नीट ऐकू आलं, "ताई, माझं काय चुकलं?" फोनवर उरकण्यासारखं ते नव्हतं, म्हणून लिहायला बसले.

आधी डॉक्टरांनी तुझ्या चिऊच्या आजाराला दिलेल्या नावाचं, बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर. चिऊचे बाबा म्हणतात, बॉर्डरलाइन म्हणजे काठावर पास, म्हणजे फारसं काही नाही. तसं नाही गं. १९३८ मध्ये अॅडॉल्फ स्टर्न या मनोविश्लेषकाने बॉर्डरलाइन हे नाव वापरलं, कारण काही पेशंट मनोविकारांच्या तेव्हाच्या दोन खणांपैकी कुठल्याच खणात बसेनात, काठावरच राहत. ते खण केव्हाच मोडीत निघाले, नाव राहिलं. आपल्याकडे वाडी गेली, टॉवर आले, तरी रिक्षावाला वाडीचंच नाव घेतो ना, तसं.

आता तुझा प्रश्न. मार्शा लिनेहान नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत. वयाच्या १७व्या वर्षी त्या स्वतःच मनोरुग्णालयात होत्या. ते त्यांनी जगाला सांगितलं थेट २०११ मध्ये. त्यांचं म्हणणं असं, की काही मुलं जन्मतःच पातळ कातडीची असतात. चटकन दुखावतात, खूप दुखावतात आणि शांत व्हायला त्यांना वेळ लागतो. चिऊ आठव. मिक्सर लावला की तासभर रडायची. अशा मुलाला भोवतालची माणसं सारखं "तुला वाटतंय तसं काही नाहीये" म्हणत राहिली, की दोन्हींचा पीळ बसत जातो.

आपल्या घरात त्याला एकच वाक्य आहे, "त्यात काय एवढं?" आई म्हणायची, तू म्हणतेस, आणि मी तर ३२ वर्षं वर्गात म्हटलं. लालबागची खोली सोडून तुम्ही विरारला आलात तेव्हा चिऊ अकरा वर्षांची. आजी तिकडेच राहिली, जुनी शाळा सुटली, तुम्ही दोघं सकाळच्या लोकलने जाणार ते रात्री उगवणार. नव्या वर्गातल्या मुलींनी तिला ग्रुपमधून काढलं, तेव्हा ती माझ्याकडे आली होती. मी काय म्हणाले असेन, तुला माहीत आहे.

हळू बोललं तर कुणी ऐकत नाही. मोठ्याने बोललं तर नाटकं. हाताला इजा केली, की आई ऑफिस सोडून धावत येते, बाबा रडतात. पोरीने काही ठरवून केलं नाही, पण शरीर शिकत जातं की केवढ्या आवाजाला दार उघडतं. मे महिन्यात ती पूर्ण बाह्यांचे ड्रेस घालत होती आणि आपण त्याला फॅशन म्हणत होतो.

तरी सगळं स्वतःच्या डोक्यावर घेऊ नकोस. जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसतं, की माणसामाणसांत या बाबतीत जो फरक पडतो, त्यात अनुवंशाचा वाटा साधारण ४० ते ५० टक्के. आपल्या आत्याचा स्वभाव आठवतो ना? शिवाय या वयात भावनांचा जोर आधी वाढतो, आवर घालणारा मेंदूचा भाग मागून पिकतो. लहानपणी अत्याचार झालेल्यांत हा आजार जास्त दिसतो, पण प्रत्येकाच्या बाबतीत तसं घडलेलं असतंच असं नाही. डॉक्टरांनी तसं विचारलं तर रागावू नकोस, त्यांना विचारावंच लागतं. आणि चिऊला एकटीने बोलू दे, तू बाहेर बस.

हे जन्माचं दुखणं म्हणून बसू नकोस. मेरी झानारिनी यांनी अमेरिकेत २९० मोठ्या वयाच्या पेशंटचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. दहा वर्षांत ९३ टक्क्यांची लक्षणं निदान दोन वर्षं तरी ओसरलेली होती. नोकरी आणि नाती मात्र सगळ्यांची तितकी सावरली नाहीत. म्हणून तर सोळाव्या वर्षी कळलं हे बरं झालं, असं मला वाटतं. लिनेहान यांच्या पद्धतीची थेरपी कोण देतं, ते ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णींच्या आयपीएच या मानसिक आरोग्याच्या संस्थेत विचारू. रात्री-अपरात्री काही झालं तर म्हणून टेलि-मानस हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फ्रीजवर लिहून ठेव, मराठीत बोलतात.

रविवारी सकाळी येते. सुकेळी आणते, चिऊला आवडतात. तोवर तिचा मोबाईल काढून घेऊ नका, आणि तिच्या बाबांना सांग, माझ्यासमोर "नाटकं" हा शब्द नको.

तुझी,
ताई